आडवा गडवा

शामकला आणि जागेश्वर या नवराबायकोचं दुखणं एकच होतं. मन बसायचं, कधी तिचं, कधी त्याचं. बसलं की अंथरूण सोडवत नसे, घास गोड लागत नसे. जवळच्या प्रतापगडच्या दर्ग्यावर दोरे बांधून झाले, सरकारी दवाखान्यातलं कडू औषध पिऊन झालं. शेजारच्या घरातून सासू धुरपताबाई ऐकवायची, पोरगा आळशी होताच, त्याला जोडीही तशीच मिळाली. म्हातारीच्या तोंडाला कोण लागणार?

बसल्या मनाला बोलणं नको असतं, म्हणून दोघांनी एक युक्ती काढली होती. ज्याचं मन बसेल त्यानं दारातला पाण्याचा पितळी गडवा उपडा घालायचा. दुसऱ्यानं तो पाहून, काही न विचारता, दोघांचं काम ओढायचं. लग्नातल्या साऱ्या मंत्रांपेक्षा हा गडवा जास्त कामाला आला.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर धान पोटरीत आलं आणि तलावाच्या पाण्याची त्यांची पाळी उजाडली. आज बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी घेतलं नाही तर वर्षाचं धान पोचट होणार. नेमकं त्याच पहाटे शामकलाचं मन बसलं. तिनं गडवा उपडा केला आणि निर्धास्त पडून राहिली. जागेश्वर उठून बाहेर गेला, परत येऊन निजला. जाईल थोड्या वेळानं, असं तिला वाटलं.

ऊन दारात आलं. पाणी वाटणारा केशोराव अंगणातून विचारू लागला, येता की पाणी दुलीचंदच्या बांधीत सोडू?

शामकलानं मान वळवली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"तुमी काऊन नाई गेले?"

"मी तं पाहाटंच गडवा फिरवलो."

"अन् मी तुमच्या आंधीच."

दोघांनी दाराकडे पाहिलं. गडवा शहाण्यासारखा सरळ उभा होता. तिनं उपडा केलेला गडवा त्यानं अंधारात न पाहताच उलटवला होता. शामकलाला वाटलं आता रडू येईल, पण आलं हसू. मग जागेश्वरचंही पोट हलायला लागलं.

मन काही लगेच उठलं नाही, पण माणसं उठली. निघताना शामकलानं गडवा आडवा ठेवला. दोघं बांधीवर गेले. त्यानं बांध फोडला; तो दमून बसला तेव्हा तिनं पाणी वळवलं. सगळ्या बांधीत पाणी पोचलं, तेव्हा तिला फार बरं वाटलं.

घरी आले तर धुरपताबाई कुरकुरत गडवा सरळ करत होती.

"राहू द्या तसाच," शामकला म्हणाली. "आज आमी दोघंबी अर्धे अर्धे आहो."

म्हातारीनं दोघांकडे पाहिलं. गडवा पुन्हा आडवा ठेवला आणि काही न विचारता घरी गेली. थोड्या वेळानं दोघांसाठी गरम भात घेऊन आली.