डाव्या हाताची पीडा

त्या सकाळी धुलाईखान्याच्या अंगणात एकही चादर वाळत नव्हती. वाळवणीच्या दोऱ्यांखाली कामावर आलेले सगळे कामगार दाटीवाटीने उभे होते. मधोमध इस्त्रीचं मोठं टेबल, टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात नितळ पाणी आणि भांड्यामागे पांढऱ्या झग्यातले गुलाबीबाबा. हे नाव त्यांना कामगारांनीच ठेवलं होतं. का, ते लगेच कळेल.

"ये पुढे," बाबांनी टबवाल्याला बोलावलं. हा दांडगा गडी, पण दोन दिवसांच्या जुलाबांनी पार पिचून गेला होता. "बुडव हात!"

टबवाल्याने हात बुडवले आणि पाणी झर्रकन गुलाबी झालं. गर्दीच्या तोंडून "अगंऽ बाई!" निघालं.

"बघा! पोटातली पीडा हातावाटे बाहेर!" बाबा गरजले. "खरं सांग, कोणाचं वाईट चिंतलंस?"

"मालकांचं," टबवाला प्रामाणिकपणे म्हणाला. मागे उभे असलेले मालक उगाचच खाकरले.

बाबांनी एका कुपीतून चार थेंब 'अमृत' टाकलं. गुलाबी रंग गायब! पाणी पुन्हा होतं तसं. "गेली पीडा! आता उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. झाडाला पाणी घातलं की झाड वाढतं, पीडेला घातलं की पीडा वाढते. कळलं? परवा ठणठणीत होशील!"

आणि खरंच, आधीचे चार-पाच जण परवा ठणठणीत झालेच होते. त्यामुळे धुलाईखान्यात आता बाबांच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नव्हतं. मालकांनीच तर त्यांना आणलं होतं. निम्मे कामगार ओकाऱ्या-जुलाबांनी घरी आडवे, आणि मळक्या कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले.

हा सगळा सोहळा डागमावशी कोपऱ्यातल्या आपल्या टेबलामागून बघत होती. तेवीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं, फक्त डाग काढले होते. शाईचे, गंजाचे, रक्ताचे, आणि कशाचे ते न विचारलेलेच बरे असेही. डाग समोर आला की तिचे प्रश्न दोनच: पडला कशाने आणि जातो कशाने? माणसांच्या बाबतीतही तिला याहून जास्त काही विचारावंसं वाटत नसे.

तिच्या डोक्यात कालपासून बाबांचा झगा घोळत होता. बाबांनी तो फुकटात धुवायला टाकला होता. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पडताच त्याच्या बाह्यांवर गुलाबी ठिपके उमटले. "आपली पीडा झग्याने ओढून घेतली हो!" म्हणत लोकांनी झग्याला हात जोडले. मावशीने हात जोडण्याऐवजी ठिपक्यावर सवयीने व्हिनेगर टाकलं. ठिपका गेला. सोडा लावला, परत आला. 'सोड्याने येतो, आंबटाने जातो. ही पीडा भलतीच शिस्तीची दिसतेय,' असं ती तेव्हाच मनात म्हणाली होती.

तरी ती गप्प राहिली असती. लोकांची हौस मोडायला तिला आवडत नसे. पण तेवढ्यात गर्दीतून तिची सून पुढे आली. सुनेच्या खांद्यावर छकुली होती, तिची दोन वर्षांची नात. रात्री दोनदा ओकलेली ही पोर सकाळी शेजारणीकडे ठेवली होती. शेजारणीनेच ती आणून दिली होती, आणि आता ती ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती.

"बाबा, पहाटेपासून सात वेळा झालं हिला," सून रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आधी तुझे हात!"

सून छाटणीत काम करायची. आलेले मळके कपडे सोडवायचे, झटकायचे, वेगळे करायचे. तिने हात बुडवले. पाणी नितळच राहिलं. बाबा क्षणभर गडबडले, पण असल्या माणसांची जीभ अडखळत नाही.

"चतुर आहे तुझी पीडा! तुझ्यातून निघून लेकराच्या पोटात जाऊन बसली! पोरीला उद्यापर्यंत पाणी नाही. दूधही नाही. थेंब गेला तर मग मला दोष देऊ नकोस."

मावशी पुढे झाली. तिने छकुलीचं तोंड वर केलं. पोर रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

"हिने शू कधी केली?"

"रात्रीपासून नाही केली."

"दे इकडे. दवाखान्यात नेऊ."

"आई, हात लावू नका!" सून मागे सरली. "माझ्यामुळेच झालंय. बाबा म्हणतील तसंच करणार मी."

मावशीला राग आला आणि भीतीही वाटली. पोर हिसकावून घेता येत नव्हती; आईच्या हातातून कोण घेईल? मग तिने वेगळीच चाल केली. आपल्या टेबलाशी जाऊन उजवा हात व्हिनेगरने पुसला, नळाखाली धुतला, कोरडा केला. डावा हात सोड्याच्या डब्यात घालून झटकला आणि कमरेवर हात ठेवून बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, माझीपण काढा की. दोन दिवस पोट कुरकुरतंय."

"ये माउली!" बाबा खूश झाले.

तिने उजवा हात बुडवला. पाणी नितळ.

"वा! निर्मळ जीव!"

मग डावा बुडवला. पाणी भडक गुलाबी.

"अहो बाबा," मावशी शांतपणे म्हणाली, "पीडा फक्त डावीकडेच कशी? पोट तर मला एकच आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा म्हणाले, "पीडा... डावीकडूनच प्रवास करते."

"बरं. नवं पाणी घाला." बाबा हलेनात, तेव्हा टबवाल्यानेच त्यांच्या पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या कॅनमधून भांडं भरलं. मावशीने चिमूटभर सोडा टाकला. कोणी हातही न लावता पाणी गुलाबी झालं. "आता काय, या भांड्याला जुलाब होणार?"

अंगण हसण्याने दणाणलं. मावशीने मात्र हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. भांडं पुन्हा नितळ पाण्याने भरायला लावून सुनेच्या तळहातावर तिने सोडा चोळला आणि तो हात पाण्याला लावला. गुलाबी!

"बघ, बाळ. टबवाल्याचे हात दिवसभर सोड्यात, म्हणून त्याचं पाणी रंगतं. तू कोरडे कपडे निवडतेस, म्हणून तुझं रंगलं नाही. आणि बाबांचं अमृत म्हणजे काहीतरी आंबट, त्याने रंग जातो. एवढंच आहे हे. आता चल."

सुनेने एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि पोर मावशीच्या खांद्यावर दिली. बाबाही झगा सावरून निघाले होते, पण दारात इस्त्रीवाला आडवा उभा. "थांबा की बाबा, पोलीस येतायत. मालकांनीच फोन केलाय." निघताना मावशीने बाबांचा पाण्याचा कॅनही उचलला.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छकुलीची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश पूर्ववत झाली. "अंगातलं पाणी खूप गेलंय, पण वेळेत आणलंत. जुलाबाने माणूस खंगतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि नेमकं तेच बंद करायला सांगितलं होतं म्हणे?" त्यांनी ओआरएसची पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात कालवली आणि वाटी-चमचा मावशीच्या हाती दिला. "चमचा-चमचा पाजा. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी सावकाश सुरू करायचं. आईचं दूध, जेवण, काही बंद नाही. झिंक मी देते, चौदा दिवस द्यायचं. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत. शौचात रक्त दिसलं, ताप चढला, पोर पीत नसेल किंवा मलूल पडली, तर तडक इथे."

"पण बाबांचे लोक तिसऱ्या दिवशी बरे कसे झाले?" सुनेने विचारलं.

"असले बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात. धडधाकट माणसाला दोन-तीन दिवसांत आपोआप उतार पडतो. बाबांनी फक्त वार बरोबर निवडला." मग मावशीने पदराच्या गाठीतून काढून दिलेला सोडा कॅनमधल्या पाण्यात टाकून बाई हसत सुटल्या. "हे फिनॉल्फ्थॅलीन असावं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं. पूर्वी जुलाब होण्यासाठी द्यायचे हे!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आधी आजारी कोण पडलं?"

"आम्ही छाटणीवाल्या," सून म्हणाली. "वसतिगृहाच्या चादरी आल्या होत्या, ओकारीने भरलेल्या. झटकल्या, पिंपात पेला बुडवून पाणी प्यायलो आणि जेवायला बसलो."

"हात धुवून?"

"धुलाईखान्यातच काम करतो हो आम्ही. हात धुतलेलेच असतात."

तिथेच सगळं उलगडलं. सुनेचे डोळे भरून आले. "म्हणजे शेवटी माझ्याच हातांनी..."

"हातांनी आलं, हात धुतले की थांबतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पीडेला दोषी लागतो, जंतूंना लागत नाही. रडू नका, चमचा धरा."

तीन तास चमचा चालला. मावशीचा हात भरून आला, सुनेने घेतला, सुनेचा आला, मावशीने घेतला. आणि मग मावशीच्या मांडीवर काहीतरी ऊन-ऊन पसरलं. तेवीस वर्षं दुसऱ्यांचे डाग काढणारी ती बाई आपल्या ओल्या लुगड्याकडे पाहून आनंदाने ओरडली, "अगं, शू केली! माझ्या राणीने शू केली!" आणि दोघी सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

आठवड्याने धुलाईखान्यात पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला तोटी बसली. छाटणीत रबरी हातमोजे आले. झटकणं बंद झालं. आणि जेवणाच्या सुट्टीत नळाशी साबण घेऊन सून उभी राहू लागली. धुतलेले हात दाखवल्याशिवाय ती कोणाला डब्याकडे फिरकू देत नसे, मालकांनाही नाही.

मावशी रुबाबात पुढे गेली.

"हात, आई."

"अगं, माझे हात दिवसभर साबणातच..." मावशी म्हणाली आणि थबकली. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. त्या पाण्यात साबण होता तसा शंभर जणांचा मळही होता, आणि त्याबद्दल तिने तेवीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

बाबांचं खोटं पकडणं सोपं होतं, कारण ते दुसऱ्याचं होतं. आपल्या घरातलं, आपल्या सवयीतलं खोटं असंच आपल्या तोंडून सहज निघून जातं. तेव्हा कोणी चमत्कार दाखवला की तो कशाने झाला हे विचारा, आणि कोणी दाखवला नाही तरी आपल्या हातांना विचारत चला.

मावशीने मुकाट्याने बाह्या वर केल्या, साबण घेतला आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात धुतले. डावाही आणि उजवाही.