सगळे मागे वळले तेव्हा

सलीलची मूठ त्या पोराच्या नाकावर बसली तेव्हा वैदेही पाळणाघराच्या फीबद्दल बोलत होती.

विद्यार्थी संघटनेच्या उपाध्यक्षपदाची डिबेट होती. लिमरिक शहरातल्या त्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांचा एक वेगळा उपाध्यक्ष निवडला जाई, आणि यंदा उमेदवार दोनच होते: उंचापुरा, हसतमुख ओवेन आणि अडीच वर्षांच्या लेकीची आई वैदेही. "मूल असलेल्या विद्यार्थिनीची अर्धी स्कॉलरशिप पाळणाघरातच जाते," एवढं तिचं बोलून झालं असेल नसेल, तोच मागच्या रांगेतून आवाज आला.

"मग जा ना परत! तुझ्या देशात जाऊन सांभाळ पोरं!"

कुणीतरी फिसकन हसलं. लगेच खुर्ची उलटल्याचा आवाज झाला. सलील दोन रांगा ओलांडून तिथं पोचलासुद्धा होता. पहिला ठोसा नाकावर, दुसरा कानशिलावर. पोरगं खुर्च्यांच्या मध्ये कोसळलं, तरी सलील वाकून मारतच राहिला. ओलं फडकं ओट्यावर आपटावं तसा आवाज येत होता. पोराच्या अंगात रग्बीची लाल जर्सी होती, तिच्यावर रक्त कळतही नव्हतं. खालच्या फरशीवर कळलं.

सगळ्या सभागृहानं माना मागे वळवल्या. मग एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. दोघा-तिघांनी सलीलला ओढून बाजूला काढलं तोवर अर्धं सभागृह टाळ्या पिटत होतं.

व्यासपीठावर वैदेहीचा डावा हात स्वतःच्या डोक्यावर आडवा होता, आणि उजवा तळवा कमरेच्या जरा खाली, हवेत, काहीतरी दाबून धरल्यासारखा. दोन्ही हात कधी हलले ते तिला समजलं नव्हतं. तिनं ते घाईनं खाली घेतले आणि कुणी पाहिलं का म्हणून समोर नजर टाकली. जिकडेतिकडे डोक्यांच्या मागच्या बाजू. सांकेतिक भाषेची दुभाषी, शिनेड, व्यासपीठाच्या कडेला उभी होती, तीही मागेच बघत होती. पुढच्या रांगेत फक्त एक चेहरा वैदेहीकडे वळलेला होता. डोनल. शिनेड ज्याच्यासाठी आली होती तो. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

घरी आल्यावर वैदेहीनं फ्रीजरमधून मटाराची पिशवी काढली आणि सलीलच्या हातावर धरली. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, त्याचा जबाब घेऊन गेले होते. लेक, इरा, सोफ्यावरच पेंगली होती.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी केलं मी ते."

"हो."

"मग म्हण की काहीतरी."

"थँक यू."

"नवऱ्याला थँक यू म्हणते, येडी." तो हसला. हसला की त्याच्या गालाला खळी पडायची. हृदयाच्या बारीक स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनीअर होता. दिवसभर हातमोजे घालून, श्वास रोखून काम. इथल्या मराठी मंडळींत त्याच्याइतका शांत माणूस नाही, असं सगळेच म्हणायचे.

वैदेहीनं पिशवी फिरवून धरली. हा हात तिच्या ओळखीचा होता. मधल्या बोटाचं टेंगूळ, त्याच्याशेजारची चपटी पेरं. त्यानं उठणारी सूज कुठे आधी निळी पडते आणि किती दिवसांनी पिवळी, हे तिला पाठ होतं. मात्र त्या हातावर बर्फ धरायची वेळ कधी आली नव्हती. आजवर बर्फ तिलाच लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याहून सासूबाईंचा, प्रभाताईंचा, फोन आला. व्हिडिओ तिथवर पोचला होता.

"बायकोसाठी हात उचलला गं त्यानं! आमच्या वेळी पुरुष नुसते बघत उभे राहायचे. दृष्ट काढ त्याची."

त्या दिवशी कँटीनमध्ये अनोळखी मुली वैदेहीला मिठ्या मारत होत्या. "युअर मॅन इज अ लेजंड," एक जण म्हणाली. पण तिसऱ्या दिवशी त्या पोराचा फोटो आला. एकोणीस वर्षांचा, दोन्ही डोळे मिटलेले, नाकावर पट्टी, शेजारी त्याची आई. पोरगं चुकलंच, पण यासाठी जीव घ्यायचा का, असं तिनं खाली लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत वैदेहीची पोस्टरं फाटली. एकावर कुणीतरी तिच्या तोंडावर लाल रंगानं मूठ काढली. टाळ्या वाजवणाऱ्यांतलाच एक जण लिफ्टमध्ये तिला पाहून बाहेर पडला आणि जिन्यानं गेला.

मग आठवड्याच्या शेवटी त्या पोराचं जुनं लिखाण कुणीतरी खणून काढलं. इथल्या नर्सेसबद्दल, टॅक्सीवाल्यांबद्दल त्यानं जे लिहिलं होतं ते वाचून लोक पुन्हा फिरले.

"वारं आपल्याकडे आलंय बरं का," गुंजन म्हणाली. गुंजन नाशिकची, वैदेहीच्याच प्रयोगशाळेतली, आणि तिच्या प्रचाराची सगळी धावपळ तीच करायची. "ओवेनचा चेहरा बघितलास? पार उतरलाय. आता शेवटच्या सभेत एकच गोष्ट कर. सलीलबद्दल बोल. माझ्या नवऱ्यानं आजवर कुणावर हात उगारलेला नाही, त्या दिवशी त्याचा तोल गेला, बस्स. एवढंच. सीट खिशात."

"आणि नाही बोलले तर?"

"तर सगळे विचारणार ना, की ही का गप्प आहे? अगं, त्याच्या केससाठीपण बरं. वकील म्हणालाय ना, तुझं जाहीर बोलणं उपयोगी पडेल?"

वकील तसंच म्हणाला होता. सलीलनं ते घरी तीनतीनदा सांगितलं होतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी वैदेही स्वयंपाकघरात होती. इथं भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधून ती इराचा कप काढत होती. इरा टेबलाशी बसून पास्ता एकेक करून ताटाच्या काठावर रांगेत लावत होती.

"म्हणून दाखव," सलील म्हणाला.

"काय?"

"उद्याचं वाक्य. प्रॅक्टिस नको का?"

तिनं म्हणून दाखवलं.

"असं नाही, वैदू. रेशनच्या रांगेत नाव सांगितल्यासारखं वाटतंय. मनापासून."

तिनं पुन्हा सुरुवात केली. 'आजवर' या शब्दापाशी तिचा आवाज अडकला. सलील उठून तिच्यामागे आला आणि प्रेसचं दार लोटलं. तिची बोटं आत होती. दार त्यानं आपटलं नाही. तळवा टेकून त्यावर हळूहळू भार दिला, जसा कारखान्यात देत असेल, नेमका हवा तेवढा.

"पुन्हा," तो तिच्या कानाशी म्हणाला.

तिनं वाक्य पुरं केलं. मनापासून केलं. शेवटच्या शब्दाला तिच्या बोटांतून काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला आणि त्यानं दार सोडलं.

"डॅडीज क्रॉस," इरा पास्त्याकडे बघत म्हणाली.

"नाही गं पिल्लू, कुठे चिडलाय डॅडी?" मटाराची पिशवी त्यानंच काढून आणली. "बघू, लागलं का फार? कारच्या दारात सापडली म्हण."

सकाळी डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी बांधून वैदेही इराला पाळणाघराकडे घेऊन निघाली. कॅम्पसमधल्या नदीवर लांबलचक वळणदार पूल होता. इराला बाबागाडीतून उतरून कठड्याच्या फटीतून बदकं बघायची होती. वाऱ्यानं तिची टोपी सारखी डोळ्यांवर यायची, आणि ती सारखी म्हणायची, "मम्मा, फिक्स इट." वैदेही ती सारखी करून देत होती. त्या मऊ लोकरीच्या टोपीखाली तो एवढासा कान लागला की तिला दर वेळी जरा थांबावंसं वाटे.

समोरून डोनल आला. तो थांबला, आधी पट्टीकडे बघितलं, मग फोनवर काहीतरी टाइप करून तिच्यासमोर धरलं.

"त्या दिवशी मला काही ऐकू आलं नाही. म्हणून मी मागे वळलो नाही. मी तुला बघत होतो."

वैदेही हसली. "आय'म ग्रँड," ती इथल्यासारखं म्हणाली, म्हणजे मी ठीक आहे. त्याला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश, दोनदा.

त्यानं नाही अशी मान हलवली. मग फोन खिशात टाकला, डावा हात डोक्यावर आडवा घेतला, हनुवटी छातीत खुपसली, आणि उजवा तळवा मांडीशेजारी हवेत दाबून धरला. अगदी हुबेहूब. एखादा कॅमेरा काय टिपेल असं. मग भुवया वर करून त्यानं त्या उजव्या हाताकडे बघितलं. डोक्यावरचा हात त्याला कळला होता. हा दुसरा कशासाठी, ते कळत नव्हतं.

वैदेही उत्तर देणार तोवर इरानं कठडा सोडला. तिनं डोनलच्या हातांकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता चालत आली. आईच्या उजव्या मांडीला पोट चिकटवून उभी राहिली, डोकं नेमकं तिच्या तळव्याखाली घातलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. रडली नाही. घाबरली असंही नाही. दात घासायला उभं राहावं तशी, आपल्या जागेवर येऊन उभी राहिली.

डोनलचे हात सावकाश खाली आले.

वैदेहीचा तळवा तिच्या टोपीवर होता. खालून पाणी वाहत होतं, बदकं भांडत होती. "झालं, पिल्लू," ती म्हणाली. "उघड डोळे. काही नाही झालं." इरानं डोळे उघडले नाहीत. झालं म्हटल्यावरही थोडं थांबायचं असतं, हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी ती पाळणाघरात गेलीच नाही. दुपारी सभागृहाच्या दाराशी वैदेहीनं तिला गुंजनच्या कडेवर दिलं आणि डायपरची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली.

"बापरे, काय भरलंयस यात? दगड?"

"पासपोर्ट आहेत. तिचे थोडे कपडे. आज रात्री तुझ्याकडे राहू का आम्ही?"

गुंजनचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिची नजर पट्टीवर गेली. "कारचं दार म्हणालीस ना सकाळी?"

"म्हणाले होते."

सलीलला कॅम्पसवर यायला बंदी होती. तो रस्त्यापलीकडच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून फोनवर सभा बघत होता. 'ऑल द बेस्ट, मनापासून बोल,' असा त्याचा मेसेज येऊन पडला होता.

वैदेहीचं नाव पुकारल्यावर खच्चून टाळ्या पडल्या. पहिल्या दिवशीसारख्याच. फाटलेल्या पोस्टरांचे दिवस जणू मधे आलेच नव्हते. पाळणाघराबद्दल ती नीट बोलली. शिनेडचे हात तिच्याबरोबर चालत होते, पुढच्या रांगेत डोनल बसला होता. मग संयोजकानं सलीलबद्दलचा तो प्रश्न विचारलाच. सभागृह खुर्चीत पुढे सरकलं. ऐकण्याआधीच बऱ्याच जणांनी माना डोलवायला सुरुवात केली होती.

गुंजननं लिहून दिलेला कागद वैदेहीच्या हातात होता.

"माझ्या नवऱ्यानं आजवर," ती म्हणाली आणि थांबली.

शिनेडचे हात हवेत पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.

वैदेहीनं कागद माइकशेजारी ठेवला. एक पाऊल मागे सरकली, म्हणजे सगळ्यांना ती पुरती दिसेल. डावा हात डोक्यावर आडवा घेतला, पट्टीची बोटं बाहेर. हनुवटी छातीशी. उजवा तळवा मांडीशेजारी, रिकाम्या जागेवर, दाबून. आणि तशीच उभी राहिली.

कुणीतरी खाकरलं, मग तेही थांबलं. बाजूच्या रांगेत गुंजननं इराचं तोंड आपल्या खांद्यात घेतलं. शिनेडनं क्षणभर वैदेहीकडे बघितलं, डोनलकडे बघितलं, आणि आपले हात हळूच खाली घेतले.

बाहेर कार पार्कमध्ये एका गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा, आणि मग न थांबता वाजतच राहिला.

या वेळी मागे कुणीच वळलं नाही.