ताहेरच्या नावाचा तांदूळ

दागिना दडवायला तांदळाच्या पिंपासारखी जागा नाही, असं नूरुन्निसाला तिच्या सासूने लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. चोर म्हणे कपाट फोडतो, तांदूळ उपसत बसत नाही. सासूबाईंनी चोराचा विचार केला होता, नातसुनेचा केला नव्हता.

तिचा नवरा ताहेर कुवेतमध्ये वारला आणि तिथेच दफन झाला. आधी फोन आला, मग कबरीचा एक फोटो आला, आणि झालं. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या घरात नूरुन्निसा इद्दतीला बसली. नवरा गेला की बाईने ते महिने घरातच काढायचे, अंगावर दागिना ठेवायचा नाही. तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढल्या. ताहेरने पहिल्या सुट्टीवर येताना आणलेल्या. इतक्या वर्षांत त्या कधी उतरल्याच नव्हत्या, साबण लावून ओढाव्या लागल्या. रुमालात बांधून तिने त्या कोठीच्या खोलीतल्या जुन्या पिंपात, तांदळात तळापर्यंत खुपसल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. विसरली असंही नाही. त्या दिवसांत तिला काही सांगावंसंच वाटत नव्हतं. कुणी चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही.

इद्दत संपली त्या सकाळी ती न्हाली आणि कोठीत गेली. पिंपाच्या जागी फरशीवर गंजाचा गोल डाग तेवढा होता.

"अलिना, इथलं पिंप कुठे गं?"

"ते चाळिसाव्याला दिलं ना, अम्मी. अब्बांच्या नावाने सदका म्हणून. गंगूला, तांदळासकट. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

म्हणाली असेल. त्या दिवसांत कुणी घर विकू का म्हणून विचारलं असतं, तरी तिने मान हलवली असती.

बांगड्यांचं ऐकून सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आता यासीन मला काय म्हणतील? अब्बांनी आणलेल्या बांगड्या बायकोने देऊन टाकल्या, असंच ना? मी आत्ता जाते गंगूकडे."

"तू बस. मी जाते."

गंगू नेऱ्याकडच्या कातकरी वाडीतली. वर्षानुवर्षं ती दारावर रानभाजी आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन यायची. तांदूळ नेल्यापासून मात्र फिरकली नव्हती. फिरकली का नाही, एवढी एकच गोष्ट रिक्षात नूरुन्निसाच्या डोक्यात घट्ट बसली होती. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटत होतं. राग येत नव्हता. बांगड्या हव्या होत्या, एवढंच कळत होतं. ताहेरचं म्हणून हातात धरता येईल असं तिच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं.

गंगू दारातच बसली होती, पायाला फडकं गुंडाळून. वीटभट्टीवर पायावर विटा पडल्या होत्या, म्हणून येणं बंद. पिंप आत कोपऱ्यात उभं होतं, पाण्याने भरलेलं.

"तांदूळ पुरला का गं?" नूरुन्निसाने विचारलं. सरळ विचारायचा धीर होईना.

"माज्या येकटीच्या घरात कुठं ठेवते, भाभी? मेल्या मानसाच्या नावाचा, येकटीनं खाऊ नाय. त्याच दिशी समद्या वाडीला वाटला. ज्याच्या त्याच्या टोपलीत वतला. समद्यांना सांगितलं, ताहेरभाईच्या नावाचा हाय, नाव घेऊन खा. म्हातारी हौसा तर रडली. तिला येकदा कांबळं दिलं व्हतं ना त्यांनी."

नूरुन्निसा वाडीतल्या झोपड्यांकडे बघत राहिली. यातल्याच कुठल्या तरी टोपलीत तो रुमाल गेला असेल. कदाचित गंगूच्याच हाती लागला असेल. एक शब्द तोंडातून काढायचा अवकाश, की संध्याकाळपर्यंत इथलं प्रत्येक घर शेजारच्या घराकडे संशयाने बघणार, आणि ताहेरचं नाव त्या भांडणात सापडणार. सदक्यात गेलेलं परत मागू नये, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तिने ते दिलंच कुठे होतं? मनात देण्याची नीयतच नव्हती, तर देणं कसलं? विचारायचा हक्क तिला होता.

"काय झालं, भाभी? काय हरवलं का?"

गंगूच्या डोळ्यांत काही दिसतंय का, ते तिने पाहिलं. असलं तरी तिला ते कळलं नाही.

"नाही. इतक्या दिवसांत आली नाहीस, म्हणून बघायला आले."

आणि मनातल्या मनात तिने नीयत केली. ज्याच्या हाती लागल्या त्याला दिल्या, त्याच्या माथी गुनाह नको. शब्द सगळे बरोबर होते. काळजात मात्र काही हललं नाही. देताना दिल खुश हवा म्हणतात. हिचा दिलच जागेवर नव्हता, त्याला ती बापडी काय करणार?

घरी अलिना दारातच उभी होती. "मिळाल्या?"

"दिल्या मी त्या. यासीनने विचारलं तर सांग, अम्मीने अब्बांच्या नावाने दिल्या. तुझा त्यात काही संबंध नाही."

अलिना गळ्यात पडून हमसाहमशी रडली. नूरुन्निसा कोरड्या डोळ्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली. नमाज संपवून तिने दुआला हात उठवले, आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती कुणाला सांगायची सोय नव्हती. इतके महिने प्रत्येक दुआत ती एकच मागत होती, त्याला सुट्टी मिळू दे. तरुणपणापासून तेच मागत आली होती, जिभेला दुसरं वळणच नव्हतं. मय्यत तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिच्या लेखी ताहेर अजून कुवेतलाच होता, यायचा होता. आज तेच शब्द ओठांवर आले आणि थांबले.

"या अल्लाह," ती म्हणाली, "तोही तुझाच होता. दिला."

मग तिला असं रडू फुटलं, की अलिना गॅसवरचा तवा तसाच टाकून धावत आली.