दस्त्यावरचे दोन पोचे

फ्रान्सिसच्या दुकानावर पाटी आहे : 'येथे फर्निचर, चर्चचे आल्तार व शवपेटी यांस पॉलिश करून मिळेल.' बंदुकीचा उल्लेख नाही. म्हणून कळंबच्या पॉलिनने चादरीत गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता टेबलावर ठेवला, तेव्हा त्याने आधी दाराबाहेर पाहिलं.

"नळी कुठाय?"

"घरी, कपाटात. तूच फोनवर म्हणालास ना, स्क्रू काढून नुसतं लाकूड आण."

"म्हटलं होतं. पन माझं कोन ऐकत नाय, म्हनून विचारलं."

बंदूक पॉलिनच्या नवऱ्याची, डेरिकची. एकनळी, वडिलोपार्जित, परवाना पीक संरक्षणाचा. वाडीतली रानडुकरं वीस वर्षांपूर्वी गेली, मग वाडीही गेली आणि तिथे हॉलिडे कॉटेज उभी राहिली. परवान्याचं नूतनीकरण मात्र होत राहिलं, कारण डुकरं गेल्याचं कळवायला फॉर्म नव्हता. फेब्रुवारीत डेरिक गेला. आता बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची होती आणि मुदत शुक्रवारी संपत होती. शनिवारपासून ते बिनपरवाना शस्त्र ठरणार होतं आणि पॉलिन आरोपी.

"जमाच करायची तर पॉलिश कशाला, बाय?"

"डेरिकला सूट घालून पाठवला ना? हीसुद्धा नीट जाऊ दे."

हे फ्रान्सिसला पटलं. तासाभरात मातीखाली जाणाऱ्या पेटीलाही लोकांना आरशासारखी चकाकी लागते. त्याचं घर त्यावरच चाललं होतं.

त्याने दस्ता उजेडाकडे फिरवला. उजव्या बाजूला दोन पोचे होते, एक गोल, एक लांबट आणि खोल.

"गोल दगडाचा. हा लांब कशाचा?"

"चौकटीचा. स्वयंपाकघराच्या."

"चौकट दस्त्यावर कशी पडली?"

"दस्ता चौकटीवर पडला."

"आपोआप?"

"मी मधून बाजूला झाले," पॉलिन म्हणाली. "गोल राहिला तरी चालेल. हा काढ."

फ्रान्सिसने दस्ता टेबलावर आडवा ठेवला. त्याने जुनं वार्निश खरवडलं, पोच्यावर ओलं फडकं ठेवलं आणि वर तापलेली इस्त्री टेकवली. वाफ लाकडात शिरली की दबलेले तंतू फुगून वर येतात. फडकं सात वेळा ओलं करावं लागलं. गोल पोचा त्याने विचारल्याशिवायच काढला, कारण अर्धं काम करून सोडायची त्याला सवय नव्हती. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणजे चपडा, कापसाच्या बोळ्याने दोन दिवस हलक्या हाताने चढवली.

बुधवारी पॉलिनने उजव्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"कुठं होता तेही कळत नाही," ती म्हणाली.

गुरुवारी त्याने तिच्या घरी दस्ता नळीला जोडला आणि दोघं रिक्षाने पोलीस स्टेशनात गेले. हवालदार जितेंद्रने रजिस्टर उघडलं. दर निवडणुकीला बंदूक इथेच जमा व्हायची, त्यामुळे तिचं वर्णन तपशीलवार होतं. नळीवरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे खाऱ्या वाऱ्याने खाल्ले होते.

"ओळखीची खूण," जितेंद्रने वाचलं. "दस्त्यावर उजवीकडे दोन पोचे. एक गोल. एक लांबट, दीड इंच." त्याने दस्ता पाहिला. "पोचे कुठायत?"

"काढले," फ्रान्सिस जरा अभिमानानेच म्हणाला.

"कोणाला विचारून? सरकारी नोंदीतले पोचे आहेत ते."

"बंदूक तीच आहे हो," पॉलिन म्हणाली.

"असेल ना. पण मग नोंदीतली कुठे गेली, हे मला लिहावं लागेल. एक बंदूक गहाळ, एक बेवारस सापडली. दोन गुन्हे होतात, मॅडम." त्याच्या आवाजात धमकी नव्हती, हिशेब होता. "उद्या पाचपर्यंत वर्णनाप्रमाणे घेऊन या."

पॉलिनच्या घरी फ्रान्सिसने दस्ता पुन्हा सोडवला. गोल पोचा लोखंडी गोळी ठेवून हातोडीने पाडला आणि हातोडी खाली ठेवली.

"लांबवाला माझ्याच्याने नाय होनार, बाय. जागासुद्धा आठवत नाय."

"मला आठवते. दे इकडे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि चौकटीकडे तोंड करून, डेरिक उभा होता तिथे उभी राहिली.

"बाजूला हो, फ्रान्सिस."

पहिल्या घावाला नुसता चपडा खरचटला.

"त्याला एकातच जमलं होतं," पॉलिन म्हणाली आणि दुसऱ्यांदा दस्ता उचलला.

शुक्रवारी जितेंद्रने पट्टी लावली. "दीड इंच. बरोबर." मग तो शेवटच्या रकान्याशी थांबला. "पोचा कशाने पडला? आता विचारतात."

पॉलिनने सांगितलं. कोणतं साल, कोणती संध्याकाळ, ती कुठे उभी होती, तो काय म्हणाला, मुलं कुठल्या खोलीत होती. तिने हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, फादरनासुद्धा. जितेंद्रने पेन हवेत धरून सगळं ऐकलं. मागच्या रांगेतला पासपोर्टवाला खोकायचा थांबला. मग जितेंद्रने लिहिलं : घरगुती वापराने.

"वापर नव्हता तो," पॉलिन म्हणाली.

"मॅडम, रकाना एवढाच आहे." त्याने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "पाचला दहा कमी आहेत."

पॉलिनने फ्रान्सिसकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिने सही केली.