बादशाहाच्या मरणाला माणूस पाहिजे

मुरादाबादेहून निजामाच्या मुलखात नोकरीला आलेल्या वजाहत मास्तरांनी शाळेच्या सालाना जलशासाठी स्वतःच नाटक लिहिलं. त्यात एक न्यायी बादशाह शेवटी मरतो आणि मरताना पाच शेर म्हणतो. मास्तरांच्या हिशेबानं बादशाहाला मरायला एवढा ऐवज पुष्कळ होता. पण शाळा होती जवळा बाजार गावात, आणि तिथल्या बायांचा हिशेब त्यांनी धरलाच नव्हता.

मास्तर गैरमुल्की, म्हणजे परमुलखातले. अशाची नोकरी वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखी. शाळा तपासणारे मुहतमिम साहेब सांगून गेले होते, जलसा पसंत पडला तर नोकरी पक्की, नाही तर मुरादाबादची वाट मोकळी. अट एकच, खेळ पोरांनीच करायचा. मागं कुठल्याशा शाळेत एक उस्ताद नाचणारीचं सोंग घेऊन उतरले होते. तेव्हापासून मास्तर मंचावर दिसला की घरी, असा कायदाच झाला होता.

बादशाह होता मसाजी, चतुराबाईचा एकुलता एक. चतुराबाईचं खटलं मोठं. मंचाच्या फळ्या तिच्या, पडद्याची जाजमं तिची आणि बादशाहाची आईही तीच, म्हणजे अर्धा जलसा तिच्याच घरचा. तालमीला ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मसाजी आडवा पडून डोळे मिटत होता.

"ऊठ रे! मास्तर, हे काय करून राहिलंय माझं पोरगं?"

"बादशाह मरतो, बाई. नाटकात."

"नाटकात बी न्हाई अन् सपनात बी न्हाई. माझं लेकरू मरनार न्हाई. दुसरं बघा."

मास्तरांनी दुसरं बघितलं. वजीर झालेल्या ग्यानबाची आई तर कमरेला पदर खोचूनच आली. "राज्य करायला मसाजी, अन् मरायला आमचा ग्यानबा व्हय?" मग तिसरा, चौथा. संध्याकाळपर्यंत शाळेतली सगळी पोरं अमर झाली.

बादशाहाला नुसतं बेशुद्ध पाडावं म्हटलं, तर मुहतमिम साहेबांनी नाटक आधीच वाचलेलं. "मौत का सीन देखने ही आऊंगा," असा त्यांचा निरोप होता.

अखेर मास्तर सटवाजी पाटलांकडे गेले. पाटलांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला. "ज्याची माय गावात न्हाई, त्यानं मरावं. सोपं हाय."

ओसरीवरच्या सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं.

"आणि माझी नोकरी?"

"दाढी लावा अन् तोंड भिताडाकडं करून मरा. मेलेल्याला कोन वळखतंय?"

साहेबांना मुक्कामाला औंढ्याला जायचं होतं, म्हणून खेळ दुपारीच लागला. दरबार भरला तसे मसाजीचे मामा मंचावर चढले आणि भाच्याच्या मुकुटावरच आहेराचा फेटा बांधला. ग्यानबाचे मामा मागं राहतात होय? त्यांनी वजिराला शेळी दिली. शेळी मंचावरच बांधून घातली. तिनं दरबारची कागदी फुलं खायला घेतली.

"ये बकरी किस सीन में थी?" साहेबांनी विचारलं.

"दरबारी हाय, साहेब," पाटील म्हणाले.

मरण जवळ आलं. मसाजी पडद्याआड गेला आणि बाहेर आला तो चांगला थोराड, दाढीवाला बादशाह. त्यानं गावाकडं पाठ करून अंग टाकलं, पाच शेर म्हटले आणि प्राण सोडला. साहेबांनी रुमाल काढला.

एवढ्यात पुढच्या रांगेतून सखुबाईनं गळा काढला. गावातलं एकही मढं म्हातारीनं बिनरडता जाऊ दिलं नव्हतं. माणूस आडवा दिसला, तिचं काम सुरू झालं. "छडी उगारून सवताच भेनारा गेला गं माय! ज्वारीच्या भाकरीला नावं ठेवून चार खानारा गेला गं!" बाकीच्या बायांनीही सूर धरला. मेलेल्या बादशाहाचे खांदे हसण्यानं गदागदा हलायला लागले. पोरांनी घाईनं पडदा ओढला.

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. "बादशाह ज्वारीची भाकर खात होता? बुलाव उसको. इनाम देंगे."

मसाजी बाहेर आला. फेट्यासकट तो साहेबांच्या कोपराला लागत होता.

"मरनेवाला तो इससे दुगना था!"

"मरण आलं की मानूस खचतोच, साहेब," पाटील म्हणाले.

"और दाढी?"

"सरकारी व्हती. जमा केली."

सगळे हसले, साहेब हसले नाहीत. त्यांची हयात याच मुलखात गेलेली. इथला माणूस कोणतं खोटं हसत हसत बोलतो आणि कोणतं मेला तरी बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "इसकी माँ कौन?"

चतुराबाई उठली.

"बाई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. आत्ता मेला तो तुमचाच मुलगा?"

शेळीसुद्धा चघळायची थांबली. चतुराबाईनं मसाजीकडं बघितलं. मग पडद्याच्या जाजमाखालून मास्तरांचे अनवाणी पाय दिसत होते, त्यांच्याकडं बघितलं. पायांची बोटं आखडली होती. तिनं पदर सावरला आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय. माझंच लेकरू मेलं. समद्या गावादेखत मेलं."

साहेबांनी मान खाली घातली. कोणतीच आई हे उगाच बोलत नाही. "मास्तरांची नोकरी पक्की," ते म्हणाले आणि औंढ्याच्या वाटेला लागले.

साहेबांची धूळ खाली बसायच्या आत चतुराबाईनं मसाजीला घरी ओढत नेलं. पाठोपाठ मास्तर, पाटील, सखुबाई सगळेच गेले. मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका म्हणून उठला नाही.

"बघा, किती दृष्ट लागली व्हती! मास्तर, आता तुमी बसा."

"मी कशाला?"

"माझ्या लेकराच्या जागी मेले न्हाई का तुमी? तुमची दृष्ट काढायला मुरादाबादेहून कोन येनार?"

मास्तर पोरासारखे पाटावर बसले. त्यांच्यावरून ओवाळलेल्या मिरच्या चुलीत पडल्या आणि असा ठसका उठला की सखुबाई खोकत अंगणात पळाली, मागोमाग पाटील.

चतुराबाई डोळे पुसत म्हणाली, "घ्या! एवढे मेले गावापुढं, तरी मेली कुनाची नजर लागली न्हाई तुमाला!"