बॉयलर विभागातून एक

पहिल्यांदा चालवलं.
धुलाई: चष्मेवाला. इस्त्री: थोरली. घडी: बडबड्या. बॉयलर: मामा.

मामाचं नाव पुन्हा वाचलं. मग स्वतःलाच म्हटलं, अगं, नुसती चाचणी आहे.

विभागवार माणसं वेगळी करायची, प्रत्येक विभाग पत्त्यांसारखा पिसायचा, वरचा एक उचलायचा. कॉम्प्युटरला एवढंच सांगितलंय. उद्या सगळ्यांसमोर चालवायचं. ज्याचं नाव वर, त्याची लॉन्ड्रीतली नोकरी संपली.

पुन्हा.
धुलाई: मुका. इस्त्री: धाकटी. घडी: नवा नवरदेव. बॉयलर: मामा.

पुन्हा.
(बाकीचे वाचलेच नाहीत.)
बॉयलर: मामा.

बॉयलरवर पूर्वी तिघं होते. दोघं निवृत्त झाले, जागा भरल्याच नाहीत. एका पत्त्याचा कॅट, कितीही पिसा.

विभागवार काढा, हा हट्टही मामाचाच. साहेब सगळ्यांतून मिळून चार काढणार होते. मामा उभा राहिला, "मग एकाच विभागातले चौघं गेले तर? प्रत्येकातून एक घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

मामाला बोलावलं. तो हात पुसत आला, स्क्रीनकडे वाकला.
"चालव बघू."
चालवलं.
"पुन्हा."
चालवलं.
तो खुर्चीत बसला.
"साहेबांना सांगते. एकट्याचा विभाग वगळायचा. एका ओळीचं काम आहे, मामा."
"सांग की. भाची कॉम्प्युटरवर आणि मामा सुटला. शोभून दिसेल."
"मामा म्हणून नाही, एकटा आहेस म्हणून."
"साहेबांना चार हवेत. मी सुटलो तर चौथा कुणाच्या घरचा?"
मी यादीतली बाकीची नावं वाचू लागले.
"राहू दे तसंच. आणि ताईला मी सांगीन. तू तोंड उघडू नकोस."
"आईला काय सांगशील?"
"नाव निघालं म्हणून. खोटं आहे का?"

दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर.
धुलाई: चष्मेवाला. कुणीतरी हुंदका दिला.
इस्त्री: धाकटी. थोरलीनं तिचा हात धरला.
घडी:
मी पडद्याकडे बघणं सोडलं.

"काय हो मामा, नशीबच फुटकं तुमचं," थोरली डोळे पुसत म्हणाली.
"चिठ्ठीला काय कळतं, बाई," मामा म्हणाला.
माझ्याकडे न बघता तो बॉयलरकडे गेला. वाफ सोडायची वेळ झाली होती, आणि ती सोडणारं दुसरं कुणी नव्हतं.