वरच्या मजल्यावरचा गुणी भाडेकरू

माझ्या भावाच्या लेखी चांगला भाडेकरू म्हणजे जो कधी फोन करत नाही. वडिलांनी घर आम्हा दोघांच्या नावावर ठेवलं, एक बिऱ्हाड खाली, एक वर. पण भाड्याचा सगळा कारभार त्याच्या हातात, कारण बहिणीला त्यातलं काही कळत नाही हे त्याचं ठाम मत.

वरचा भाडेकरू तर त्याच्या गळ्यातला ताईत. नळ गळला तर स्वतः दुरुस्त करतो, कुलूप स्वतः बदललं, रंगसुद्धा पदरच्या पैशाने दिला. भाऊ त्याला कौतुकाने 'संत' म्हणायचा. अरे, भाड्याच्या घरात ज्याला स्वतःच्या खिशातून सगळं करायची हौस येते, त्याला घरमालक दारात नको असतो, एवढं साधं गणित याच्या डोक्यात शिरू नये?

खालच्या नर्सबाई मात्र त्याच्या डोक्याला ताप. त्या आणि त्यांची शाळकरी मुलगी, दोघीच राहायच्या. जिन्यातला दिवा कोणीतरी काढून नेतं, अनोळखी पोरं पायऱ्यांवर बसतात, वर जातात आणि लगेच खाली येतात, असं त्या सांगत राहिल्या. बाईला दुसरा उद्योग नाही, असं म्हणून भाऊ फोन ठेवायचा. मग एका दुपारी जिन्यात कोणीतरी त्यांच्या मुलीच्या हातात पुडी कोंबली आणि वर नेऊन द्यायला सांगितली. नर्सबाई तडक भावाकडे गेल्या. त्याने काय करावं? मुलं काहीही रचून सांगतात म्हणाला, आणि वरच्या सभ्य माणसाला त्रास होतो म्हणून घर सोडायची नोटीस यांनाच दिली.

मला हे नर्सबाईंकडून कळलं तेव्हा नोटिशीची मुदत संपत आली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर गेले, दार वाजवलं, नळ बघायचाय म्हटलं. संतांनी दार बोटभर उघडलं.

"कशाला तसदी घेता?" ते गोड हसून म्हणाले. "मी करून घेतो ना."

त्यांच्या मागे भिंतीला टेकून दोन पोरं बसली होती, कोणी आलंय याचीही त्यांना शुद्ध नव्हती. मी खाली आले आणि नर्सबाईंच्या खोलीतूनच पोलिसांना फोन लावला. नर्सबाईंनी पाहिलेलं सगळं सांगितलं, घरमालकीण म्हणून मी माझं नाव दिलं. भावाला विचारायच्या भानगडीत पडले नाही.

संध्याकाळी पोलिसांनी संतांना खाली आणलं, मागोमाग पुड्यांनी भरलेली पिशवी आणि छोटा वजनकाटा. भाऊ धावत आला आणि म्हणाला काय, तर माणूस किती सभ्य वाटत होता. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला.

नर्सबाईंना मी म्हटलं, ती नोटीस फाडून टाका, आता कुठे जायची गरज नाही. त्यांचं सामान बांधून झालं होतं. मुलगी त्यांना चिकटून उभी होती.

"ताई, तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत," त्या म्हणाल्या. "पण ही आता एकटी घरात शिरत नाही. शाळेतून आली की मी येईपर्यंत रस्त्यावर उभी राहते. हिला इथे कशी ठेवू?"

बाहेर टेम्पो येऊन थांबला होता आणि लोखंडी कपाट उचलायला एक माणूस कमी पडत होता. भाऊ कपाळाला हात लावून पायरीवर बसला होता, दोन्ही बिऱ्हाडं एकदम रिकामी झाली म्हणून.

"ऊठ," मी म्हटलं. "तूच घालवलंस ना यांना? मग धर ती बाजू."